कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश परीक्षा: गोव्यातील विद्यार्थिनीने तयारी कशी करावी?

सत्तरीची शिक्षिका यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी साखळी येथील हायर सेकंडरीत अकरावीच्या वर्गात, कला शाखेत शिकते. बारावीनंतर कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम करण्याचे तिने पक्के ठरवले आहे आणि हा निर्णय तिने कोणाच्या सांगण्यावरून घेतलेला नाही. आमच्या भागात खाणी बंद झाल्या तेव्हा काय झाले, म्हादईचे पाणी कोणाचे, राखीव वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांचा हक्क काय, हे विषय आमच्या घरात रोज बोलले जातात. त्यांतून तिचे मन या अभ्यासाकडे वळले, असे मला वाटते.

घरात वकील कोणी नाही आणि ओळखीतही नाही. शाळेत चौकशी केली तेव्हा ‘क्लॅट द्या’ एवढेच उत्तर मिळाले. पणजीतील एका शिकवणीवर्गाने दोन वर्षांसाठी जी फी सांगितली ती आमच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि वाळपईहून आठवड्यातून तीनदा पणजीला जाऊन येण्यात तिचा जो वेळ जाईल त्याचीही मला काळजी वाटते. अमेरिकेला जाऊ इच्छिणारा माझा भाचा ‘एलसॅट’ नावाच्या परीक्षेचे बोलतो. तीही भारतातल्या प्रवेशासाठी चालते की काय, हे त्यालाही नीट सांगता येत नाही.

मुख्य अडचण वेगळीच आहे. तिचे चौथीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजी ती चांगले लिहिते, परंतु वाचण्याचा वेग कमी आहे. मागील वर्षाची एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवली तेव्हा जे प्रश्न वाचून झाले त्यांतील बहुतेक उत्तरे बरोबर आली, मात्र जवळजवळ एक तृतीयांश पत्रिका न वाचताच राहिली. अशा मुलीने ही परीक्षा द्यावी काय? आणि देणार असेल तर पुढच्या वर्षभरात नेमके काय करावे? ज्यांनी हा मार्ग स्वतः चाललेला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

वकील, फोंडा यांचे उत्तर:

ताई, आपला शेवटचा परिच्छेद वाचून मला काळजीपेक्षा समाधान अधिक वाटले. जे वाचले ते बरोबर सोडवले, याचा अर्थ विचार करण्याची शक्ती जागेवर आहे. कमी पडतो आहे तो फक्त वेग, आणि वर्षभरात वेग वाढवता येतो. याच्या उलट स्थिती असती, म्हणजे सगळी पत्रिका वाचून झाली पण निम्मी उत्तरे चुकली असती, तर मी वेगळा सल्ला दिला असता.

प्रथम परीक्षेविषयी. क्लॅट ही राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या संघाकडून घेतली जाणारी परीक्षा आहे. ती २००८ पासून होते आणि अलीकडे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, कागदावर, फक्त इंग्रजीतून घेतली जाते. १२० प्रश्न, १२० मिनिटे, प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. प्रश्न पाच विभागांत असतात: इंग्रजी भाषा, चालू घडामोडी व सामान्य ज्ञान, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि शेवटी अंकगणिताचा छोटा विभाग, ज्यात दहा ते चौदाच प्रश्न येतात. बारावीत खुल्या गटासाठी किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात; वयाची वरची मर्यादा नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की परीक्षा बारावीच्या वर्षातल्या डिसेंबरात येते, म्हणजे खरी तयारी अकरावीत आणि बारावीच्या पहिल्या सहा महिन्यांतच करावी लागते. बोर्डाची परीक्षा झाल्यावर बघू, असे म्हणणाऱ्याची संधी तोवर हुकलेली असते.

या पत्रिकेत सुटे प्रश्न जवळजवळ नसतात. सुमारे साडेचारशे शब्दांचा उतारा असतो आणि त्यावर चार-सहा प्रश्न. सगळे उतारे आणि प्रश्न मिळून दहा हजार शब्दांहून अधिक मजकूर दोन तासांत वाचून, समजून, उत्तरांची वर्तुळेही भरायची असतात. म्हणून ही परीक्षा कायद्याच्या ज्ञानाची आहे, असे समजून कलमे पाठ करत बसणाऱ्या मुलांना ती अवघड जाते. ती वाचनाची परीक्षा आहे.

कायदेविषयक तर्काच्या विभागात काय घडते ते एका उदाहरणाने सांगतो, कारण गोव्यातल्या मुलांसाठी त्यात एक खास धोका आहे. समजा, उताऱ्यात असा नियम दिला आहे: स्वतः कमावलेली संपत्ती मृत्युपत्राने कोणालाही देण्याचा व्यक्तीला पूर्ण अधिकार आहे आणि सज्ञान मुलांना त्या संपत्तीवर आपोआप हक्क मिळत नाही. पुढे प्रश्न येतो. एका गृहस्थाने स्वतःच्या कमाईचे घर आणि बँकेतील सगळी ठेव मृत्युपत्राने धाकट्या मुलीला दिली; थोरला मुलगा न्यायालयात जाऊन हिस्सा मागतो; त्याचा दावा टिकेल काय? गोव्यात वाढलेल्या मुलीच्या डोक्यात लगेच येते, की आपल्याकडे तर मुलांना असे पूर्ण वगळता येत नाही, बापाला आपल्या हिश्शाच्या निम्म्याच संपत्तीची इच्छेप्रमाणे वाटणी करता येते. हे अगदी खरे आहे. मुलांना पूर्ण वगळता येत नाही, हे तत्त्व १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्याकडे चालत आलेले आहे आणि २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्यातही ते कायम आहे. परंतु परीक्षेत हे उत्तर चूक ठरते. उताऱ्यातला नियम लावला तर दावा टिकत नाही. त्यातही पर्यायांत ‘नाही’ असे दोन असतात: एक म्हणतो, मुलाने वडिलांचा सांभाळ केला नाही म्हणून नाही, दुसरा म्हणतो, संपत्ती स्वकष्टार्जित होती आणि नियमाप्रमाणे मुलाला आपोआप हक्क नाही म्हणून नाही. सांभाळ केल्याचा किंवा न केल्याचा उल्लेखच उताऱ्यात कोठे नसतो. मुलाविषयी मनात आलेला राग विद्यार्थी उत्तरात घालतो आणि गुण जातो. घरी ऐकलेला कायदा, मनाला पटणारा न्याय आणि कागदावर दिलेला नियम या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे, हेच येथे तपासले जाते. पुढे न्यायालयात उभे राहिल्यावरही हीच शिस्त उपयोगी पडते, म्हणून मला ही परीक्षा तिच्या सर्व दोषांसह योग्य वाटते.

वेगाविषयी माझा सल्ला असा. मराठी माध्यमातून आलेले मूल बहुधा प्रत्येक इंग्रजी वाक्य मनात मराठीत आणते आणि मग पुढे जाते. वेळ तेथेच जातो. ही सवय मोडण्यासाठी परक्या विषयांपेक्षा ओळखीच्या विषयांवरचे इंग्रजी वाचन उत्तम. आपल्या घरात ज्यांची चर्चा होते तेच विषय घ्या. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये म्हादई लवादाने निवाडा देऊन कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले. २०२३ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई अभयारण्य व परिसर व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. या तिन्ही निकालांवर इंग्रजी वृत्तपत्रांत भरपूर लेखन झालेले आहे. विषय तिला आधीच ठाऊक असल्यामुळे वाक्यावाक्याला थांबण्याची गरज पडणार नाही आणि मांडणीकडे लक्ष जाईल. रोज एक लेख, वाचून होताच बाजूला ठेवून, लेखकाचे म्हणणे काय आणि त्याने त्यासाठी कारण कोणते दिले हे दोन वाक्यांत लिहायला सांगा. ती दोन वाक्ये मराठीत लिहिली तरी हरकत नाही. चालू घडामोडींची तयारीही यातच होऊन जाते, कारण त्या विभागातले उतारेही बातम्या आणि लेखांवरच आधारलेले असतात.

शिकवणीवर्ग लावलाच पाहिजे, असे मला मुळीच वाटत नाही. संघाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि नमुना पत्रिका विनामूल्य मिळतात. त्या पुरवून पुरवून वापराव्यात.

---

तृतीय वर्ष, विधि विद्यापीठ यांचे उत्तर:

मी मूळची पेडण्याची असून सध्या महाराष्ट्राबाहेरच्या एका राष्ट्रीय विधि विद्यापीठात शिकते. वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात न आलेल्या काही गोष्टी लिहिते.

बाई, आरक्षणाचा हिशेब आधीच समजून घ्या. बहुतेक राष्ट्रीय विधि विद्यापीठे आपापल्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखून ठेवतात. बेंगळुरूच्या विद्यापीठात कर्नाटकातील विद्यार्थ्यांसाठी २५ टक्के, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी वेगळा कोटा आहे. गोव्याचा रहिवासी दाखला या कोणत्याही ठिकाणी उपयोगी पडत नाही, त्यामुळे आपल्या मुलांना तेथे अखिल भारतीय जागांतूनच प्रवेश घ्यावा लागतो. मागच्या वर्षी अमुक क्रमांकावर प्रवेश मिळाला, असे कोणी सांगितले तर तो क्रमांक स्थानिक कोट्यातला होता की अखिल भारतीय जागेचा, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये. माझ्या ओळखीतल्या किती तरी पालकांची येथेच फसगत झालेली मी पाहिली आहे.

दिल्लीचे राष्ट्रीय विधि विद्यापीठ क्लॅटमध्ये नाही. त्याची ‘आयलेट’ ही स्वतंत्र परीक्षा असते, तीही डिसेंबरातच. तिच्यात १५० प्रश्न दोन तासांत सोडवायचे असतात, म्हणजे वेगाची कसोटी आणखी कडक. ज्यांचा वेग अद्याप बसलेला नाही त्यांनी हा अर्ज केवळ सगळे करतात म्हणून करू नये. क्लॅटच्या अर्जालाच खुल्या गटासाठी चार हजार रुपये लागतात आणि एकेक अर्ज वाढत गेला की घरावर भार पडतो.

सराव परीक्षांविषयी माझे मत जरा वेगळे आहे. शिकवणीवर्ग नको हे मान्य, परंतु बारावीच्या जूनपासून तरी दर रविवारी दुपारी दोन ते चार या वेळेत पूर्ण पत्रिका कागदावर सोडवली पाहिजे, कारण परीक्षेची वेळ तीच असते आणि जेवणानंतर दोन तास सलग वाचत राहणे हीदेखील सवयीची गोष्ट आहे. पत्रिका सोडवण्यापेक्षा ती तपासण्याला अधिक वेळ द्यावा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे फक्त बरोबर उत्तर न लिहिता, आपण चुकीचा पर्याय का निवडला होता हे लिहावे: उताऱ्यातली अट नजरेतून सुटली, उताऱ्याबाहेरची माहिती वापरली, की दोन पर्यायांत घोळ होऊन घाईने एक धरला. महिनाभरात वहीत दिसू लागते, की आपल्या बहुतेक चुका एक-दोन प्रकारच्याच आहेत. माझ्या बाबतीत ‘केवळ’, ‘नेहमीच’, ‘कोणत्याही परिस्थितीत’ अशा अर्थाचे शब्द असलेले पर्याय मी न थबकता स्वीकारत असे. हे लक्षात आल्यावर सामान्य तर्काच्या विभागातले माझे गुण सरळ वाढले.

निकालानंतरची प्रक्रिया ऑनलाइन आणि एकत्रित असते. आपण विद्यापीठांचा पसंतीक्रम देता, गुणानुक्रमे जागा मिळते, आणि प्रत्येक फेरीत ती जागा पक्की करणे, ती हाती ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहणे किंवा प्रक्रियेतून बाहेर पडणे यांपैकी एक निवडावे लागते. पसंतीक्रम भरताना नावाच्या बोलबाल्यापेक्षा तेथील फी, वसतिगृह आणि अंतर पाहा. बहुतेक ठिकाणी खर्च वर्षाला दोन लाखांच्या पुढेच जातो आणि तो पाच वर्षे करायचा असतो. जी जागा मिळाली तरी आपण घेणार नाही, ती यादीत मुळातच लिहू नये.

---

पर्वरी यांचे उत्तर:

आपल्या भाच्याविषयी लिहितो, कारण या दोन परीक्षांचा गोंधळ अनेक घरांत होतो.

एलसॅट ही अमेरिका आणि कॅनडातील कायदा महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी १९४८ पासून घेतली जाणारी परीक्षा आहे. अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदवीनंतर सुरू होते, त्यामुळे बारावी झालेल्या मुलीचा या परीक्षेशी आज काहीही संबंध नाही. भारतातील काही खासगी महाविद्यालयांसाठी त्याच संस्थेची ‘एलसॅट-इंडिया’ ही वेगळी परीक्षा होती. ती २०२४ नंतर बंद झाली आहे. जुनी पुस्तके आणि जुने व्हिडिओ पाहून त्या नावाने कोणी तयारी करू नये.

भाचा पदवीधर असेल आणि त्याला अमेरिकेतील तीन वर्षांची जे.डी. पदवी घ्यायची असेल, तर मात्र ही परीक्षा त्याची आहे. ऑगस्ट २०२४ पासून तिच्यातून कोड्यांचा, म्हणजे विश्लेषणात्मक तर्काचा विभाग काढून टाकला आहे. आता तर्कयुक्तिवादाचे दोन आणि आकलनाचा एक असे तीन विभाग गुणांसाठी धरले जातात. चौथा विभाग प्रायोगिक असतो, पण तो कोणता हे परीक्षार्थीला कळत नाही. प्रत्येक विभागाला ३५ मिनिटे, गुणांकन १२० ते १८० या श्रेणीत, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही. लेखनाची चाचणी स्वतंत्रपणे द्यावी लागते. याखेरीज पदवीच्या गुणपत्रिका, प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि स्वतःविषयीचे निवेदन हे सगळे परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या यंत्रणेमार्फतच महाविद्यालयांना जाते. गोव्यातून गुणपत्रिका थेट विद्यापीठाकडून पाठवून घेण्यास वेळ लागतो; ते काम परीक्षेच्या आधीच सुरू करावे.

एक गोष्ट त्याला अवश्य सांगा. परदेशात पदवी घेऊन पुढे भारतात वकिली करायची असेल, तर ती पदवी भारतीय वकील परिषदेने मान्य केलेली असावी लागते आणि परिषदेची पात्रता परीक्षाही द्यावी लागते. आणि जर त्याने आधी येथे एल.एल.बी. केले, तर अमेरिकेतील एल.एल.एम.साठी सामान्यतः एलसॅट मागत नाहीत. पैसा आणि वर्षे या दोन्ही दृष्टींनी बऱ्याच जणांना हा दुसरा मार्ग अधिक सोयीचा पडतो.

---

सत्तरीची शिक्षिका:

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिले याबद्दल मनापासून आभार. कन्येने सगळी उत्तरे वाचली आणि मृत्युपत्राच्या उदाहरणावर तिने खरोखरच ‘मुलाला निम्मे मिळेल’ असेच उत्तर दिले होते.

दोन शंका उरल्या आहेत. महाराष्ट्राची कायदा प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते, असे ऐकले. मग क्लॅट सोडून तीच द्यावी काय? आणि क्लॅटमध्ये अपेक्षित जागा मिळाली नाही, तर गोव्यातच शिकणे हे मागे पडल्यासारखे होईल काय? तिच्या मनात ही धास्ती आहे.

---

वकील, फोंडा यांचे उत्तर:

महाराष्ट्राची परीक्षा इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषांत असते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, हे खरे. ती क्लॅटनंतर काही महिन्यांनी होते, म्हणून एक सोडून दुसरी देण्याचा प्रश्नच येत नाही, दोन्ही द्याव्यात. मुंबईचे १८५५ पासूनचे शासकीय विधि महाविद्यालय किंवा पुण्याचे आय.एल.एस. हवे असेल तर तोच रस्ता आहे. मात्र महाराष्ट्राबाहेरच्या उमेदवारांना तेथे मोजक्याच जागा असतात. शिवाय परीक्षा मराठीत दिली तरी अशा महाविद्यालयांत व्याख्याने, निकालपत्रे आणि ग्रंथ इंग्रजीतच असतील, तेव्हा इंग्रजी वाचनाचा सराव कोणत्याही कारणाने थांबवू नये.

दुसऱ्या शंकेविषयी मला जरा ठामपणे लिहावेसे वाटते. मिरामारचे साळगावकर कायदा महाविद्यालय १९७३ पासून आहे, मडगावला कारे कायदा महाविद्यालय आहे, आणि आपल्याला चोर्ला घाट ओलांडून बेळगावचे राजा लखमगौडा कायदा महाविद्यालयही दूर नाही. आज पर्वरीच्या उच्च न्यायालयात आणि जिल्हा न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांपैकी मोठा भाग येथील दोन महाविद्यालयांतूनच शिकून आलेला आहे. तिला ज्या प्रश्नांत रस आहे, म्हणजे खाणी, वन, कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक) जमिनी, मामलेदारापुढे चालणारी भाटकार-मुंडकार (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) प्रकरणे, वारसांतील वाटणीच्या इन्व्हेंटरी, त्यांचे कागद पोर्तुगीज, मराठी आणि कोकणी या भाषांत गावोगावी पडून आहेत आणि ते समजावून सांगणारी ज्येष्ठ मंडळी येथेच भेटतात. बेंगळुरूला किंवा भोपाळला जाऊन आलेल्या मुलालाही गोव्यात वकिली करायची म्हटली, तर नागरी संहिता येथे येऊनच नव्याने शिकावी लागते. राष्ट्रीय विद्यापीठात मोठ्या कंपन्या, मोठी कार्यालये आणि देशभरचे सहाध्यायी मिळतात. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. तिला पुढे कोठे काम करायचे आहे, यावर हा निर्णय अवलंबून ठेवावा. महाविद्यालय कोणतेही असो, त्याला भारतीय वकील परिषदेची मान्यता चालू वर्षासाठी आहे ना, हे मात्र लेखी पाहून घ्यावे, विशेषतः नव्या खासगी संस्थांच्या बाबतीत. प्रवेशाची पद्धत त्या त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

न्यायाधीश होण्याचा विचार तिच्या मनात असेल तर आणखी एक नोंद. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. म्हणजे पदवीनंतरची पहिली वर्षे कोणत्या न्यायालयात आणि कोणत्या ज्येष्ठाच्या हाताखाली जाणार, याचाही विचार महाविद्यालय निवडताना करावा.

खर्चाबाबत गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. बारावीच्या निकालाची वाट न पाहता त्यांच्या कार्यालयात पात्रतेच्या अटी आणि कागदपत्रांची यादी विचारून घ्या. रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मामलेदार कार्यालयातून आधीच काढून ठेवलात, तर जूनमधल्या गर्दीत धावपळ होणार नाही.